तुमची केबल चांगली होती

मनोहरभाऊ, तुमची केबल चांगली होती. कनेक्टर चांगले होते, अँटेना चांगली होती, आणि मी माझ्या सेटचा काढून तुमच्याकडे पाठवला तो माइकही चांगलाच होता. आम्ही तीन माणसं हिवाळाभर तुमच्या इंदोऱ्याच्या गच्चीवर चढलो-उतरलो. पाना-पकड घेऊन, मीटर घेऊन, एकमेकांवर ओरडत. आणि तुम्ही खाली अंगणात शाल गुंडाळून खुर्चीत बसायचे आणि वर आवाज द्यायचे, "सापडलं का गा काही?" काय सापडणार होतं? बिघाड गच्चीवर नव्हताच. तो खाली खुर्चीत बसून पोहे खात होता. आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.

हे मला सगळ्यात आधी बोलायचं होतं. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी रेडिओ क्लबतर्फे दोन शब्द बोला म्हणून मला उभं केलं. मी उभी राहिले, "मनोहरभाऊ फार चांगले होते" म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बाईला रडू आलं. रडू नव्हतं आलं हो. राग आला होता. गेलेल्या माणसावर त्याच्याच मांडवात रागावता येत नाही, म्हणून आता इथं, क्लबच्या अंकात रागावते. क्लबात नवीन आलेल्यांनाही समजलं पाहिजे, तेव्हा तुम्हाला पाठ असलेलंही सगळं सांगणार आहे. तुम्ही असते तर म्हणाले असते, "नलूताई, थोडक्यात. फ्रिक्वेन्सी सगळ्यांची आहे." आता मी थोडक्यात सांगत नाही.

सकाळचा आपला नेट. नवीन माणसाला नेट म्हणजे इंटरनेट वाटतं, मला जाऊबाईंनाही तीनदा समजावून सांगावं लागलं. सकाळी नागपुरातल्या सगळ्या हॅम मंडळींनी, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओवर बोलणाऱ्यांनी, आपापल्या जागेवरून एकाच फ्रिक्वेन्सीवर जमायचं, आणि एका जणानं मास्तरासारखी हजेरी घ्यायची. तो एक जण म्हणजे तुम्ही. तुम्ही नावानं नाही, कॉलसाइननं, म्हणजे परवान्यावरच्या खुणेनं, नाहीतर मोहल्ल्यानं हाक मारायचे. ज्याला हाक मारली त्यानं बाकीच्यांचे आवाज कसे येतात ते सांगायचं. फाइव्ह नाइन म्हणजे सगळ्यात चांगला. पहिला आकडा बोलणं किती समजतं त्याचा, दुसरा सिग्नल किती जोरात आहे त्याचा. मग आपल्या भागातलं हवामान सांगायचं, सेटची काही अडचण असली तर सांगायची, आणि जागा मोकळी करायची. जरीपटक्याचा दिलीप सांगणार, मिहानच्या रस्त्यावरून गाडीतून अश्विनी सांगणार, मी सक्करदऱ्याहून सांगणार. संपलं.

आणि तुमचा नियम. नेटवर घरचं रडगाणं नाही. गुडघे नाही, शुगर नाही, सुना नाही, भाडेकरू नाही. कोणी सुरू केलं की तुम्ही मधेच गोड आवाजात म्हणायचे, "स्टँड बाय, तुमचा सिग्नल फिकट होऊन राहिला." सिग्नल काही फिकट होत नव्हता. सगळ्यांना ते माहीत होतं.

या नियमावरून आपण किती वर्षं भांडलो! मी म्हणायची, "भाऊ, माणसं काय पावसापाण्याच्या गोष्टी सांगायले जमतात का?" तुम्ही म्हणायचे, "हो. तेवढ्यासाठीच जमतात. बाकीच्यासाठी फोन आहे." मी म्हणायची, "फोन कोणी करत नाही." तुम्ही म्हणायचे, "मग तेवढं महत्त्वाचं नसन."

तो वाद राहिला. मधेच तुटला.

मी क्लबात आले तेव्हा मला सोल्डरिंग म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. मी ब्लाउज शिवणारी बाई. शिवताना रेडिओ लावून ठेवायची, आणि काटा फिरवता फिरवता मधेच दूरची कुठली तरी भाषा लागायची, ती का लागते आणि रात्री जास्त का लागते, हे मला विचारायचं होतं. घरात विचारलं तर म्हणत, "तुले काय करायचं आहे?" मोहल्ल्याच्या शाळेत प्रदर्शन होतं, तिथं क्लबचं टेबल लागलं होतं, तिथं तुम्हाला विचारलं. तुम्ही कॉलेजात फिजिक्स शिकवलेले. वाटलं, आता इंग्रजीत सुरू होणार. तर तुम्ही मलाच विचारलं, "तुमच्याकडं शिवणयंत्राची मोटर आहे का? ती लावली का रेडिओत खरखर येते ना? मग तुम्ही अर्धं शिकलाच की. ते मशीन ट्रान्समीटर आहे, फक्त वाईट आहे." माझ्या मशीनला कोणी ट्रान्समीटर म्हटलं, हे ऐकून मी त्याच दिवशी नाव दिलं.

परीक्षेचं पुस्तक मी काजं करता करता वाचलं. अडलं की फोन. तुम्ही कधी "सोपं आहे" म्हटलं नाही. तुम्ही म्हणायचे, "हे अवघडच आहे, मलेही दोनदा वाचावं लागलं." खोटं असेल. पण त्या खोट्यानं मी पास झाले.

आणि पहिली अँटेना! तुम्ही फोनवर म्हणाले, "रविवारी क्लबात दिशा शोधायची अँटेना बनवायची आहे. प्रत्येकानं एक टेप आणा, कापायची आहे." मी माझी नवी टेप घेऊन आले. गळ्यात घालायची, कापडी, दर्जीची. बाकी सगळ्यांकडं सुताराकडं असते ती पोलादी टेप. पाइपाला पोलादी पट्ट्या लावून ती अँटेना होते, हे मला कुठं माहीत? दिलीप हसून हसून जमिनीवर बसला. "काकू, इससे सिग्नल का ब्लाउज सिलेंगे क्या?" तुम्ही नाही हसले. तुम्ही ती कापडी टेप घेतली, आणि सगळ्यांच्या पट्ट्या तिनंच मोजल्या. "पोलादी टेपनं पोलादी टेप मोजता येत नाही गा दिलीप, ती तर कापून राहिलो आपण. नलूताईंनी डोकं लावलं." मी काही डोकं लावलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून तार मी कापायची असं ठरून गेलं. तुम्ही सांगितलं होतं, तार आधी थोडी लांब ठेवायची, मग मीटर पाहात पाहात कमी करायची, एकदा तोकडी झाली की संपलं. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही ब्लाउजात आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडतोच.

तो बाजारातला दिवस आठवतो का? एकानं ट्रान्समीटर घेऊन लपायचं, बाकीच्यांनी त्या अँटेना घेऊन शोधायचं. लपणारा तो कोल्हा. त्या खेपेला कोल्हा मी. तुम्ही सगळ्यांनी सक्करदऱ्याचा तलाव धुंडाळला, आणि मी बुधवार बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीत पदर डोक्यावरून घेऊन बसले होते, सेट मेथीच्या जुड्यांखाली. शेजारची भाजीवाली मला विचारत होती, "मावशी, ते माणसं काय शोधून राहिले पाइपाले पट्ट्या लावून?"

"पाणी शोधून राहिले असतील."

"बाजारात?"

"सरकारी काम आहे बाई. कुठंही शोधतात."

तेवढ्यात तुम्ही आलेच. अँटेना सरळ माझ्या छातीवर रोखलेली. मी म्हटलं, गेलो आपण. पण इतक्या जवळ आलं की सिग्नल सगळीकडूनच जोरात येतो, मीटरचा काटा ठोकून उभा राहतो, दिशाच कळत नाही. तुमची नजर काट्यावर. माझ्याकडं पाहिलंच नाही. काट्याकडं पाहता पाहता म्हणाले, "मेथी कशी?" मी आवाज बदलून म्हटलं, "ताजी आहे, घ्या." तुम्ही म्हणाले, "नंतर," आणि पुढं गेले. अख्ख्या क्लबानं तुम्हाला यावरून वर्षभर चिडवलं. "भाऊ, मेथी कशी?" असं कोणीही म्हटलं की तुम्ही चष्मा काढून पुसायला लागायचे.

आता आमच्याकडून जे झालं, त्यात मला तो दिवस फार आठवतो. काटा पाहायचा आणि माणूस पाहायचा नाही, हे तुम्ही एकटेच करत नव्हते.

पण त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय तुमच्यावर रागावणं खरं होणार नाही.

आमचे हे गेले तेव्हा मी बरेच दिवस सेट लावला नव्हता. मग एका सकाळी लावला. मुलगा बंगलोरला परत गेला होता, घरात कोणी नव्हतं, कुकरची शिटी झाली तरी दचकायला व्हायचं. हजेरीत माझी हाक आली, कारण तुम्ही रोज मारत होते, मी नसले तरी. मी बटण दाबलं आणि नुसतं कॉलसाइन बोलले. वाटलं, आता सगळे काही बोलतील. आणि तुम्ही म्हणाले, "फाइव्ह नाइन. सक्करदऱ्याचं हवामान सांगा." मी खिडकीकडं पाहिलंही नाही. म्हटलं, "ढगाळ." तुम्ही म्हणाले, "रॉजर," आणि पुढच्याला हाक मारली.

मी दुपारी फोन करून तुम्हाला काय काय बोलले! "माझं माणूस गेलं अन् तुम्ही मले हवामान विचारून राहिले? लाज नाही वाटत?" तुम्ही ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नलूताई, आज सगळ्यांनी तुमचं सांत्वन केलं असतं, तर तुम्ही रडल्या असत्या अन् सेट बंद केला असता. उद्या परत कायले आल्या असत्या? सांत्वन एकदा होते. हवामान रोज विचारता येते."

मी फोन आपटला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवामान सांगायला आले. बाहेर कडक ऊन पडलं होतं, तरी मी "ढगाळ" म्हटलं. तुम्ही "रॉजर" म्हटलं. कितीतरी दिवस सक्करदऱ्यावर असं ढगाळ राहिलं, आणि तुम्ही कधी विचारलं नाही की बाकी नागपूर तापून राहिलं आणि तुमच्याच डोक्यावर ढग कसे. मग एक दिवस मी "ऊन आहे" म्हटलं. तेव्हाही तुम्ही "रॉजर" एवढंच म्हटलं, पण बटण सोडायला थोडा उशीर केला. मला ऐकू आलं ते.

त्यासाठी मी तुमची ऋणी आहे. तो नियम तुम्ही चांगल्यासाठी केला होता. म्हणूनच तो तुम्ही स्वतःवर वापरला, याचा जास्त त्रास होतो.

दिवाळीनंतर तुमचा आवाज बारीक येऊ लागला. सिग्नल नाही, आवाज. हे आपल्या मंडळींना समजेल, बाकीच्यांसाठी सांगते. काटा पूर्ण वर, म्हणजे तुमचा सेट जोरात पोचत होता, पण आत बोलणं खोल विहिरीतून आल्यासारखं. मग वाक्य मधेच तुटायला लागलं. तुम्ही "जरीपटका..." म्हणायचे, आणि सगळं बंद, नुसती खरखर, आणि थोड्या वेळानं "...तुमचा रिपोर्ट द्या." आम्हाला काय वाटलं? बटण ढिलं झालं. मी म्हटलं, माइकचं बटण गेलं. दिलीप म्हणाला, नाही, केबलमध्ये पाणी शिरलं. अश्विनी शिकलेली पोरगी, मिहानमध्ये विमानांचं काम पाहते, ती म्हणाली, "काकू, पॉवर सप्लाय असू शकतो." आम्ही तिघं यावर फोनवर अर्धा अर्धा तास भांडलो. तुमच्या आवाजाबद्दल इतकं बोललो, आणि तुमच्याशी बोललो नाही.

तुम्ही खोकला आला की बटण सोडत होते, भाऊ. खोकला नेटवर जाऊ नये म्हणून.

कोणत्याही दुसऱ्या घरात म्हातारा माणूस बोलता बोलता थांबला, तर लोक त्याला पाणी देतात. आम्ही तुमची केबल बदलली.

आणि तुम्ही बदलू दिली! प्रत्येक रविवारी. मी तुम्हाला विचारलं होतं, "भाऊ, आवाज बसला का तुमचा?" तर तुम्ही म्हणाले, "थंडी आहे. पण मले वाटते वरचा कनेक्टर पाहाच एकदा." तुम्ही स्वतः आम्हाला गच्चीवर पाठवलं! दिलीप वर, मी मधल्या जिन्यावर केबल धरून, अश्विनी आत सेटसमोर मीटर घेऊन. "आता?" "तेवढंच." "आता?" "तेवढंच आहे काकू." "दिलीप, अबे हलवून पाह्य ना!" "हिला तो रहा हूं, अब क्या नाचूं?" खाली तुमची खुर्ची. विमलवहिनी पोह्यांवर तर्री वाढत असायच्या. दुपारी पुन्हा चढायचं, मग संत्री सोलत बसायचं, मग नवा वाद. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच. निघताना दिलीप म्हणायचा, "भाऊ, अगले संडे पक्का पकड लेंगे." तुम्ही म्हणायचे, "पकडालच." आणि हात वर करायचे. मला वाटायचं, किती खूश दिसून राहिले हे, सेट बिघडलेला असून.

मग होळीच्या सुमारास तुम्ही दवाखान्यात गेले. वहिनींनी सांगितलं, तपासणीला. कूलर लावायचे दिवस आले आणि क्लबच्या ग्रुपवर दिलीपचा मेसेज आला. हॅम माणूस गेला की लिहितात तेच दोन शब्द, सायलेंट की. मोर्सच्या काळापासूनची रीत आहे, की म्हणजे मोर्सचे ठोके पाठवायचं बटण, ज्याचं ते आता वाजणार नाही तो. मी ते वाचलं आणि मला आधी खरंच वाटलं, की दिलीप त्या ढिल्या बटणाबद्दल लिहून राहिला.

पुण्यानुमोदनानंतर मंडळी पांगली तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी मोठी पातेली घासायला काढत होत्या. मी त्यांना धरून बसवलं.

"वहिनी, कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीच्या मागंपुढं. फुप्फुसात होतं. डॉक्टर म्हणे, आता या वयात जास्त काही करू नका."

"मग आम्हाले काहून नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं नं वं. म्हटलं, सांगून टाका ना जी त्याईले, बिचारे गच्चीवर चढून राहिले, कोणी पडलं बिडलं म्हणजे? तर म्हणे..." हातातला डाव त्यांनी नीट खाली ठेवला. "म्हणे, विमल, सांगितलं तर काय होईल? फळं घेऊन येतील. खुर्चीवर बसतील. 'काळजी घ्या' म्हणतील अन् चहा पिऊन पंधरा मिनिटांत जातील. केबल खराब आहे म्हटलं का दिवसभर राहतात."

मी हसले, भाऊ. देवाशप्पथ, आधी हसूच आलं. मग वहिनी म्हणाल्या, "शनिवारीच मले सांगत, पोहे जास्त भिजव, उद्या अँटेनावाले येऊन राहिले," आणि मग मात्र मी पदर खोचून ती पातेली घासायला घेतली.

आता तुम्ही मला सांगा. तुम्ही आम्हाला ओळखलं होतं की नव्हतं ओळखलं?

मी खूप विचार केला यावर. आमच्या मामेसासूबाई आजारी होत्या तेव्हा मी काय केलं? शहाळं घेऊन गेले, खुर्चीवर बसले, "काळजी घ्या" म्हटलं, आणि रिक्षा थांबली आहे म्हणून निघाले. म्हणजे तुमचं खोटं नाही. माणसांना आजाऱ्याजवळ काय करावं ते कळत नाही, हात रिकामे असले की ती पळतात. तुम्ही आमच्या हातात पाना दिला. बरोबर केलं म्हणते मी. आणि तरी मला राग येतो. काहून की मी राहिले असते. मी एकटी तरी राहिले असते, केबल चांगली असती तरी. जिन्यावर तार धरून उभी राहण्यापेक्षा तुमच्या शेजारी बसले असते. एवढ्या वर्षांत तुम्ही मला एवढीही संधी दिली नाही, आणि आता ते सिद्ध करायला माझ्याकडं काही उरलं नाही.

एक मात्र विचारायचं राहिलं. भीती वाटत होती का तुम्हाला? सकाळी बटण सोडून खोकत बसायचे, आणि आम्ही सगळे इकडं गप्प बसून तुमची वाट पाहायचो, त्या मधल्या वेळात तुम्ही काय विचार करत होते?

तुमच्यानंतर नेट बंद पडला. कोणी ठरवून केला नाही. हाक मारणाराच नाही म्हटल्यावर कोण येणार? दिलीपनं फोन केला, "काकू, नेट आप ले लो."

"मी नाही गा. अश्विनीले सांग."

"वो बोलती है काकू लेंगी."

"मले नाही जमत."

"भाऊ होते तो बोलते, जमते."

"भाऊ नाही आहे नं!" म्हणून मी फोन ठेवला. बिचाऱ्यावर उगाच ओरडले.

खरं कारण तुम्हाला सांगते. मोतीबिंदूनंतर शिवणं कमी झालं, त्यामुळं बायकांचं येणं कमी झालं. मुलगा व्हिडिओ कॉल करतो, तो चांगला आहे, पण त्याची घाई मला दिसते. घरात माणसाचा आवाज म्हणजे तो सेट होता, आणि सेट म्हणजे तुमची हाक. कोणीतरी रोज सकाळी मी आहे की नाही ते विचारत होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत होतं. मला भीती होती की मी सेट लावीन, हाक मारीन, आणि पलीकडून कोणीच बोलणार नाही. सेट बंद असला की निदान असं म्हणता येतं, की तो बंद आहे.

पण मागच्या आठवड्यात लावला. वहिनींनी माझा माइक परत पाठवला होता, तो जोडला. आधी नुसतं ऐकलं. खरखर. मग बटण दाबलं आणि जमेल तशी हजेरी घेतली. आधी जरीपटका. काही नाही. पुन्हा जरीपटका. आणि भाऊ, दिलीप लगेच आला! दुकान उघडता उघडता सेट चालूच ठेवतो म्हणाला, रोज. मग अश्विनीही आली. दोघंही रोज सेट लावून बसत होते, आणि हाक कोणी मारायची म्हणून कोणीच मारत नव्हतं.

मला पुढं बोलताच येईना. रिपोर्ट द्या म्हणायचं होतं, आवाजच निघेना. मी बटण सोडलं, नाक पुसलं, पुन्हा दाबलं.

दिलीप म्हणाला, "काकू, सिग्नल फुल है, पर आवाज बहुत कम आ रहा है. बीच में कट भी रहा है. माइक लूज है क्या?"

मी त्या माइककडं पाहिलं.

मग म्हटलं, "माइक ठीक आहे. केबल ठीक आहे. सेट पण ठीक आहे. मी ठीक नाही. घर खायले उठते मले. ओव्हर."

तुमचा नियम मोडला होता आणि सगळे जणू तुमच्या 'स्टँड बाय'ची वाट पाहात होते. कोणी म्हटलं नाही.

शेवटी अश्विनी म्हणाली, "काकू, रविवारी येऊ?"

"या. पाना-पकड आणू नका, फळंही आणू नका."

"मग करायचं काय दिवसभर?"

"मले काय माहीत वं? बसू."

आले दोघं. दिलीपच्या हातात हत्यारांची पिशवी होतीच. "आदत है काकू, गाडी में ही रहती है." मी ती बाहेर चपलांजवळ ठेवायला लावली. मग आम्ही बसलो. आणि सांगते, तो पहिला अर्धा तास फार वाईट गेला. दिलीप पंख्याकडं पाहातोय, अश्विनी मोबाइल उलटा करून ठेवतेय, मी तिसऱ्यांदा चहा विचारतेय. मला वाटलं, मनोहरभाऊ बरोबर होते. आता ही उठतात.

दिलीप उठला नाही. म्हणाला, "काकू, एक बात बोलूं? घर खाने को दौड़ता है ना, मेरे को भी. मिसेस लड़की के पास रायपुर गई है, नाती हुआ. अब बोलती है, यहीं रहूंगी. दिवाली से." दिवाळीपासून, भाऊ! म्हणजे सगळे रविवार तो तुमच्या गच्चीवर होता, आणि हे त्याच्या पोटात होतं. मी म्हटलं, "मग जेवतो कुठं तू?" "होटल में. कभी भाऊ के यहां." अश्विनी हळूच म्हणाली, "मी नेटवर रस्त्यातून येते असं सांगते नं, ते खरं नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसलेली असते. आत जायची इच्छाच होत नाही. नेट झाला का मग जाते." मी विचारलं, "काहून वं? कोणी त्रास देते का?" आणि ती सांगत राहिली, दिलीप मधे मधे तिच्या साहेबाला शिव्या देत राहिला, मी वरण-भात टाकला, आलूची भाजी टाकली. कोणीच काही दुरुस्त केलं नाही. ऊन उतरलं तरी बसलेच होते.

म्हणजे तुमचा अंदाज चुकला. ही माणसं राहिली असती. मी वाद जिंकले, मनोहरभाऊ, इतक्या वर्षांनी स्वच्छ जिंकले.

दोघं गेल्यावर मी ताटं उचलली, कप विसळले, आणि तुम्हाला हे सगळं एकदम मोठ्यानं सांगून टाकलं, तिथंच मोरीजवळ उभी राहून. मग थांबले. तुम्ही काहीतरी उलट बोलणार, नेहमीसारखं, असं वाटलं मला. बराच वेळ थांबले. मग अंधार झाला होता म्हणून लाइट लावला.